रेझांग लाची चार्ली कंपनी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

1962च्या भारत-चीन युद्धाचा विषय निघाला की चर्चा पराभवापाशीच थांबते आणि 13 कुमाऊं (कुमाऊं रेजिमेंटची 13वी बटालियन) या तुकडीच्या चार्ली कंपनीचा उल्लेख क्वचितच होतो, याची मला फार खंत वाटते. लडाखमधील चुशूलजवळ, सुमारे 16 हजार फुटांवरील रेझांग ला खिंडीत, मेजर शैतानसिंग यांच्या हाताखाली सुमारे 120 जवान होते. बहुतेक जण हरियाणातील अहीर, म्हणजे सपाट मैदानी मुलखात वाढलेले. मधल्या डोंगरामुळे आपल्या तोफखान्याची मदत त्यांना मिळू शकत नव्हती. 18 नोव्हेंबरच्या पहाटे हल्ला झाला आणि शंभराहून अधिक जवानांनी तेथेच प्राण ठेवले. वाचलेल्या मोजक्या जवानांच्या सांगण्यावर तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही, हे मला त्या लढाईइतकेच वेदनादायक वाटते. फेब्रुवारी 1963 मध्ये गोठलेले देह सापडले, तेव्हा कित्येकांच्या हातात शस्त्रे तशीच होती. मेजर शैतानसिंग यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

येत्या 18 नोव्हेंबरला आपल्या दैनिकाने या कंपनीवर सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा