वाऱ्यातल्या 'र'ची कळ

पुणे, गुरुवार

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दिवाळीच्या पत्राचे उत्तर राहून गेले, त्याबद्दल हवे तेवढे रागाव, तो तुझा हक्क आहे. माझा रक्तदाब ठीक आहे, गोळ्या चालू आहेत. आता मुख्य गोष्ट सांगतो, कारण ती तुझ्यावाचून कोणाला कळायची नाही.

मागच्या रविवारी जुन्या बाजारात एका गोणपाटावर, कुलपे आणि पितळी नळांच्या गर्दीत, आपल्या छापखान्यात होता तसाच कळफलक दिसला. इंग्रजी अक्षरे काळी, देवनागरी लाल आणि वायरच्या टोकाला पाच काड्यांची ती जाड गोल पिन. अण्णांनी सी-डॅकचे, भारतीय लिप्या पडद्यावर आणणारे जिस्ट कार्ड बसवलेला संगणक आणला, त्या दिवशी वसंताने त्याच्यापुढेच नारळ फोडला आणि पाणी उडाले म्हणून तू स्वतःचा सदरा काढून पुसत सुटलास, ते आठवून मी भर बाजारात हसलो. दोनशे रुपयांना घेतला.

घरी आणून एकेक कळ ओळखायला बसलो. इन्स्क्रिप्टची, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकाची, मांडणी अजून बोटांत आहे: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, 'के'वर क आणि ख, 'डी'वर हलन्त, आकड्यांच्या रांगेत ३ वर पायाशी जाणारा र, ४ वर रफार, पुढे ज्ञ, त्र, क्ष, श्र. अडलो तो टिंबांपाशी. 'एक्स'वरचे टिंब अनुस्वाराचे आणि चौकटी कंसाच्या कळीवरचे नुक्त्याचे, म्हणजे अक्षराच्या पायाशी द्यायच्या ठिपक्याचे, पण कळीवर पाहावे तर दोन्ही नुसती लाल टिंबे, एक जरा वर आणि एक जरा खाली, एवढाच फरक. 'जे'च्या कळीवर तर खाली साधा र, वर आणखी एक र आणि त्या वरच्या र च्या पायाशी मोहरीहून बारीक ठिपका. मला तो पेनाचा डाग वाटला. कापसावर स्पिरिट घेऊन चोळला, तेव्हा कापूस लाल झाला आणि माझा हात थांबला.

कळफलकाला स्वतःला मराठी येत नाही, हे तुला मी सांगायला नको; तो फक्त कोणती कळ दाबली तेवढे कळवतो, अक्षर ठरते संगणकात. नातीने जुनी पिन नव्या संगणकात बसावी म्हणून मध्ये दोन जोडण्या लावून तो तिच्या संगणकाला जोडला आणि मराठी इन्स्क्रिप्ट चालू करून दिले. शिफ्ट धरून 'जे' दाबले, ऱ आला. मग 'डी', मग तिरप्या रेघेच्या कळीवरचा य. पडद्यावर 'ऱ्य' उमटला. वाऱ्यातला, सुऱ्यातला, दऱ्याखोऱ्यांतला.

सुधाकर, १९९३ सालची गिर्यारोहकांची स्मरणिका तू विसरला असशील असे मला वाटत नाही. मुखपृष्ठावर 'सह्याद्रीच्या दर्याखोर्यांत' असे छापून पाचशे प्रती बांधून झाल्या आणि अण्णा गरजले, "सह्याद्रीत दर्या कुठून आणलात?" तू आदल्या रात्री मला विचारले होतेस की ठिपक्याचा र वापरून पाहू का. ठिपक्याची अक्षरे परभाषेची, मराठीत त्यांचे काम नाही, साधा र, हलन्त आणि य घे, असे मीच ठामपणे सांगितले आणि सकाळी अण्णांसमोर मीच म्हणालो की सुधाकरने घाईत टंकले. तू एक शब्द बोलला नाहीस. पुढे महिनाभर आपण एका टेबलावर डबा खाल्ला नाही.

माझे बोलणे अगदीच निराधार नव्हते, म्हणून ते अधिक लागते. ही मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच केलेली, म्हणून 'व्ही'वरचा ऩ, 'बी'वरचा ऴ आणि 'जे'वरचा ऱ ही ठिपक्यांची अक्षरे दक्षिणेकडच्या भाषांतल्या वर्णांच्या जागा आहेत. पण त्यांतल्या ऱ ला हलन्त लावला की आपला पापणीसारखा वळलेला अर्धा र मिळतो, आणि तो मराठीला रोज लागतो. इस्कीच्या, म्हणजे संगणकातल्या भारतीय अक्षरांच्या जुन्या संकेतांच्या, प्रमाणात ही सोय होती, तीच पुढे जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोडने ठेवली. म्हणजे तुझी कळ बरोबर होती. मी मात्र तुला रफार घ्यायला लावून आचाऱ्याचा आचार्य करून ठेवला.

रविवारपासून नीट झोप नाही. अण्णांना आता सांगता येणार नाही. माई मात्र अजूनही कोणी लिहिताना चुकले की "सुधाकरसारखी घाई नको" म्हणतात, आणि आजवर ते ऐकून मी गप्प बसत आलो. येत्या मंगळवारी त्यांच्याकडे जाऊन सगळे सांगणार आहे. तुला हे आधी कळावे म्हणून आजच लिहितो आहे. मला क्षमा कर.

वहिनींच्या गुडघ्याचे काय ठरले? मुलीची बदली रद्द झाल्याचे वसंताकडून कळले, फार बरे झाले.

वसंताचा मुलगा शनिवारी नाशिकला येतो आहे, त्याच्या हाती कळफलक पाठवतो. तो तुझ्याकडेच असू दे. जोडण्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहेत. 'जे'वर आता अर्धाच ठिपका उरला आहे, त्या कळीला ओले फडके लावू नकोस.

तुझा,
दत्ता