आई, तुझं बिल पाठव

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "खर्च दाखवतेस म्हणजे नक्की काय करतेस?" तुमच्या आवाजातली काळजी कळली. तुमचा कर जन्मभर पगारातूनच कापला गेला. त्यामुळे 'खर्च दाखवणं' म्हटलं की खोटी बिलंच डोळ्यांपुढे येणार. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझ्या पगारातून फक्त प्रमाणित वजावट, म्हणजे सरसकट कमी होणारी ठरावीक रक्कम, मिळते. नव्या करप्रणालीत ती ७५,००० रुपये आहे. ऑफिसला जाण्यायेण्याचा खर्च किंवा तिथे घालायचे कपडे यातलं वेगळं काही वजा होत नाही. रात्री जे अनुवाद करते त्याचं उत्पन्न मात्र व्यवसायाचं धरलं जातं, आणि ते मिळवायला झालेला खर्च नव्या प्रणालीतही वजा करता येतो. आयकर कायद्यातलं याबद्दलचं कलम मी स्वतः वाचलं. खर्च पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला हवा, तो घरगुती नको, असं ते सांगतं. तुम्हीही याहून वेगळं सांगितलं नसतं.

जानेवारीत ६०,०००चा लॅपटॉप घेतला. त्याची सगळी किंमत एकदम वजा होत नाही, घसारा, म्हणजे वस्तू जुनी होते तसा दरवर्षी किंमतीचा काही भाग, धरावा लागतो. संगणकाला तो ४० टक्के असतो, पण आर्थिक वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर निम्मा. म्हणजे १२,०००. त्यातही मी त्यावर घरचं काही ना काही करतेच, म्हणून तीनातले दोन हिस्से कामाचे धरले आणि ८,००० लिहिले. इंटरनेटच्या बिलाचंही तसंच. शब्दकोश पूर्ण धरले, कारण ते दुसऱ्या कशासाठी उघडतच नाही. बिलं महिन्यावार लावून ठेवली आहेत. अनुवादात तोटा झाला तरी तो पगारातून वजा होत नाही, त्यामुळे खर्च फुगवून पगारावरचा कर वाचवण्याची वाटच कायद्यानं ठेवलेली नाही. १५ मार्चचा आगाऊ कराचा हप्ताही भरला.

आधी ज्या सल्लागारांकडे गेले होते ते म्हणाले, "आईला दरमहा पगार दाखवा, सगळेच दाखवतात." मी तिथून उठून आले. तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही, पण फार वाईट वाटलं होतं. एक तर ते खोटं, आणि दुसरं म्हणजे आईचं नाव त्यात.

आणि त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की आई, तू खरंच काम केलं आहेस. दोन महिने तू मी अनुवाद केलेल्या त्या मोठ्या पुस्तकाची मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची पानं, तपासलीस. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तर काढल्यासच, पण दोन ठिकाणी माझं वाक्य मुळाच्या उलट अर्थाचं झालं होतं, तेही तूच पकडलंस. बाहेरच्या मुद्रितशोधकाला मी पानामागे पैसे दिले असते. तुला "थांब, चहा ठेवते" म्हणाले, एवढंच.

नातेवाइकाला पैसे देणं कायद्याला चालतं. काम खरं हवं आणि रक्कम बाजारभावाला धरून हवी, अवाजवी असेल तर तेवढा भाग नाकारतात. एका दिवसात एकाला १०,०००च्या वर रोख दिले तर तो खर्च मान्य होत नाही, म्हणून मी तुझ्या खात्यातच भरेन. ते तुझं उत्पन्न धरलं जाईल. बाबा, तिच्या मुदत ठेवीच्या व्याजाबरोबर ते तिच्या विवरणपत्रात येऊ द्या.

मी पैसे देते त्या दिवशी खर्च लिहिते, म्हणून ३१ मार्चच्या आत व्हायला हवं. आई, साध्या कागदावर लिही: पुस्तकाचं नाव, किती पानं, पानाचा दर, तारीख, सही. दर मी बाहेर देते तोच लाव, कमी लावू नकोस. "आपल्याच मुलीकडून कसले पैसे" म्हणशील हे मला माहीत आहे. पण ते काम होतं, आई, आणि माझ्या वहीत ते तुझ्या नावावर लिहिलेलं मला हवं आहे.

बाबांना सांग, कागदाचा फोटो स्पष्ट काढा.

तुमची,
मनू