मॅडोनाचं वय छापलंत, आता गाणीही ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन पॉप गायिका मॅडोना नवा डान्स अल्बम करते आहे ही बातमी आपल्या पुरवणीत वाचली. बातमी छोटीच होती. त्यातली निम्मी जागा तिचं वय, तिचा चेहरा आणि त्या चेहऱ्यावर तिनं काय काय करून घेतलं असेल याच्या तर्कांनी खाल्ली. अल्बम कोणाबरोबर होतोय, कुठल्या कंपनीसाठी होतोय, आधीच्या कुठल्या कामाचा तो पुढचा भाग आहे, यातलं एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या भिशीच्या ग्रुपवर त्याच बातमीचा फोटो फिरला आणि खाली शेरे आले ते तुम्हालाही कल्पना करता येतील असेच. मला त्याचं फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

मी आणि माझ्या यजमानांनी राजारामपुरीत बरीच वर्षं कॅसेटचं दुकान चालवलं. भजनं, पोवाडे, लावण्या, नाट्यगीतं यांवर दुकान चालायचं, पण एक खण इंग्रजी कॅसेटचा होता. कॉलेजच्या गॅदरिंगचे दिवस आले की मुलं-मुली त्या खणासमोर उभी राहायची. इंग्रजी समजायचं असं नाही, पण ठेका बरोबर हेरायची. त्या खणातून मायकल जॅक्सनच्या खालोखाल जायची ती मॅडोनाच. आपल्या कोल्हापूरला कलापूर म्हणतात. शाहू महाराजांच्या पदरी उस्ताद अल्लादिया खाँ होते त्याच गावात तमाशाच्या फडांनाही गर्दी व्हायची. इथला श्रोता कान असलेला आहे, म्हणूनच त्याला निव्वळ वयाची बातमी पुरत नाही.

सांगायला हवं होतं ते असं. सप्टेंबर २०२५ मध्ये मॅडोना पुन्हा वॉर्नर रेकॉर्ड्स या संगीत कंपनीकडे आल्याचं जाहीर झालं. १९८२ साली तिचं पहिलं गाणं निघालं ते वॉर्नरच्याच सायर या लेबलवर. २००८ च्या अल्बमनंतर ती तिथून बाहेर पडली होती. आता ती स्टुअर्ट प्राइस या निर्मात्याबरोबर नवा अल्बम करते आहे आणि तो २००५ च्या ‘कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर’चा पुढचा भाग म्हणून. याआधीचा तिचा स्टुडिओ अल्बम २०१९ मध्ये आला होता. मधल्या काळात, जून २०२३ मध्ये, जंतुसंसर्गाने ती अतिदक्षता विभागात होती आणि दौरा पुढे ढकलावा लागला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनला तो दौरा सुरू झाला आणि ४ मे २०२४ रोजी रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर विनामूल्य कार्यक्रमाने संपला. तिथल्या प्रशासनाच्या अंदाजाने त्या रात्री १६ लाख माणसं होती. त्या दौऱ्याचं संगीत दिग्दर्शनही प्राइसचंच होतं. एवढी माहिती छापायला, चेहऱ्यावरच्या तर्कांना जेवढी जागा दिलीत तेवढीच लागली असती.

आता २००५ च्या अल्बमबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे. त्याआधी २००३ मध्ये आलेल्या तिच्या अल्बमवर सडकून टीका झाली होती. ‘आता हिचं संपलं’ असं तेव्हाही लिहिलं गेलं. नवा अल्बम यायच्या आधी, ऑगस्ट २००५ मध्ये, ४७ व्या वाढदिवशी ती घोड्यावरून पडली. खांद्याजवळचं हाड, बरगड्या आणि हात मोडला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत अल्बममधल्या ‘हंग अप’ या गाण्याचं चित्रण झालं आणि त्यात ती नाचली आहे. या गाण्यात आब्बा या स्वीडिश बँडच्या १९७९ च्या गाण्यातली एक सुरावट घेतली आहे. आब्बाची मंडळी अशी परवानगी सहसा देत नाहीत. मॅडोनाने पत्र देऊन आपला माणूस स्टॉकहोमला पाठवला, तेव्हा ती मिळाली. पुढे ते गाणं ४१ देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि अल्बमला २००७ मध्ये ग्रॅमी हे संगीतातलं मोठं पारितोषिक मिळालं.

पण दुकानात मी ती सीडी लावली तेव्हा यातलं काही डोक्यात नव्हतं. सुरुवातीला घड्याळाची टिकटिक. मग ती आब्बाची सुरावट, आधी दबक्या आवाजात, मग एकदम मोकळी. आणि ठेका सुरू झाला तो थांबेचना. एक गाणं संपून दुसरं कधी लागलं ते कळतच नाही, कारण दोन गाण्यांमध्ये शांतता ठेवलेलीच नाही. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पथक पाहिलंय ना? कीबोर्डवाला एका गाण्यातून दुसऱ्यात शिरतो, पण ताशा आणि ढोल सोडत नाहीत, म्हणून नाचणाऱ्याचं पाऊल अडत नाही. अगदी तसं. आमच्याकडे नॉनस्टॉप कोळीगीतांच्या कॅसेट ढिगाने जायच्या, पण त्यांत पुष्कळदा जोड दिसायचा. इथे दिसत नव्हता. हे सोपं काम नाही. दोन गाण्यांची लय एकच ठेवावी लागते, नाहीतर हळूहळू सरकवत आणावी लागते. स्वर एकमेकांना टोचणार नाहीत हे पाहावं लागतं. आणि पुढच्या गाण्यातला एखादा आवाज आधीच्या गाण्याच्या शेवटी हळूच पेरून ठेवावा लागतो. प्राइसने यातला बराच भाग लंडनमधल्या आपल्या राहत्या घरातल्या छोट्या स्टुडिओत केला. मिनिटाला साधारण सव्वाशे ठोके, प्रत्येक मात्रेवर ढोलाचा एक घाव, आणि त्यावर ४७ वर्षांच्या बाईचा आवाज: प्रेम, प्रसिद्धी, एकटेपण, आईबाप यांच्याबद्दल बोलणारा. विशीतल्या मुलीला ते गाता आलं नसतं. अल्बमच्या नावातच कबुलीजबाब आहेत, आणि त्यासाठी मागे काही घडून गेलेलं असावं लागतं.

माझं स्पष्ट मत आहे की त्यानंतरच्या अल्बममध्ये हे राहिलं नाही. बहुतेक वेळा नवे, गाजणारे, तरुण निर्माते, एका अल्बमला चार-पाच जण, आणि प्रत्येकाचं गाणं वेगळ्या दिशेला. काही गाणी मला आवडली, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ऐकावं असं त्यांतलं काही वाटलं नाही. म्हणून ती पुन्हा एकाच माणसाबरोबर, एकाच ठेक्यावर बसायला निघाली आहे ही मला मोठी बातमी वाटते. ती १९७८ मध्ये मिशिगनहून न्यूयॉर्कला गेली ती गाणारी व्हायला नाही, नाचणारी व्हायला. पहिल्या गाण्याची टेप घेऊन ती गेली ती एका क्लबच्या डीजेकडे. वय झालं म्हणून तिला डान्स फ्लोअर सुचला, असा जो सूर बातमीत होता तो उलटा आहे. ती तिथूनच आली आहे.

आणि हे तिच्या एकटीचंही नाही. शेर या अमेरिकन गायिकेचं ‘बिलीव्ह’ हे गाणं १९९८ मध्ये आलं तेव्हा ती ५२ वर्षांची होती. त्यात आवाजाला मुद्दाम दिलेला जो यांत्रिक हेलकावा आहे तो आज आपल्या डॉल्बीवरच्या निम्म्या गाण्यांत सापडतो. ऑस्ट्रेलियन गायिका कायली मिनोगने २०२३ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, ‘पदम पदम’ हे गाणं केलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं. आपल्याकडे पाहा. सांगलीत जन्मलेल्या आशाताई ‘रंगीला’साठी गायल्या तेव्हा साठी ओलांडून गेल्या होत्या. नंतर १९९७ मध्ये त्यांनी संगीतकार लेस्ली लुईसबरोबर पॉपचा अल्बम केला. तो आमच्या दुकानात कॉलेजच्या पोरी मागायच्या, त्यांच्या आया नव्हेत. सुलोचनाबाई चव्हाणांनी डोईवरचा पदर ढळू न देता लावणीचा ठसका काय असतो ते उतारवयातही दाखवलं आणि २०२२ मध्ये पद्मश्री घेतली. आशाताईंच्या वयाचं आपण कौतुक केलं. मग परदेशी बाईच्या वयाची टिंगल कशासाठी?

पुरुषांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचे गायक मिक जॅगर यांचा जन्म १९४३ चा. २०२३ मध्ये त्यांच्या बँडचा नवा अल्बम आला, पुढच्या वर्षी ते ऐंशीच्या घरात अमेरिकाभर मैदानं गाजवत फिरले, आणि सगळीकडे त्यांच्या उत्साहाची वाहवा झाली. मॅडोनाने २०१६ मध्ये बिलबोर्ड या संगीत मासिकाच्या समारंभात पुरस्कार घेताना हेच मांडलं होतं, की बाईने म्हातारं होणं हे या धंद्यात पाप समजतात.

गौरी-गणपतीत आमच्या गल्लीत रात्री झिम्मा-फुगडी रंगते तेव्हा साठी-सत्तरीच्या बायका सर्वांत पुढे असतात, आणि तरण्या सुनांना दम लागला तरी त्या थांबत नाहीत. त्याच बायकांपैकी काहीजणी हल्ली सकाळी हॉलमध्ये झुंबाला जातात. पण घरी ‘योगाला जाते’ असं सांगतात. का सांगतात, ते आपल्या बातमीसारख्या बातम्या वाचल्या की कळतं.

माझी मागणी साधी आहे. हा अल्बम हाती आला की तो कोणाला तरी नीट ऐकायला द्या. आपल्या गावात बेंजो वाजवणारे आहेत, डीजे आहेत, डान्स क्लास चालवणारे आहेत, देवल क्लबात शिकलेले गायक आहेत. यांच्यापैकी एकाला बसवा. मोबाईलच्या स्पीकरवर नको, चांगल्या हेडफोनवर, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रम न बदलता. मग त्याला जे वाटेल ते छापा. अल्बम फसला असं त्याचं मत झालं तर तसंही छापा. पण ठेका कुठे ढिला पडला, आवाज कुठे कमी पडला, शब्द कुठे पोकळ निघाले ते सांगून. आणि सोबत फोटो द्यायचा असेल तर चाळीस वर्षांपूर्वीचा आणि आताचा शेजारी शेजारी ठेवू नका. अल्बमचं मुखपृष्ठ द्या.

आपली,
एक जुनी वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर