त्या रात्री माझी झील तुम्ही धरलीत

दादा,

समोर बसून हे सांगायला गेलो की तुम्ही चहा मागवून विषय बदलता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय.

रॅप ग्रुपमध्ये आम्ही चौघं होतो तेव्हा माझ्या वाट्याला १६ बार यायचे, एक बार म्हणजे चार ठोके. मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटवर ते ४३ सेकंदांत संपतात. मग माईक पुढच्याकडे, हुक, म्हणजे धृपद, सगळ्यांनी मिळून. भांडणबिंडण काही झालं नाही. एकाला पुण्यात नोकरी लागली, दोघं घरच्या धंद्यात अडकले, उरलो मी. आपला रॅपर डिव्हाइन आधी 'मुंबईज फायनेस्ट' या ग्रुपमध्ये होता, अमेरिकेतल्या आइस क्यूबनं १९८९ मध्ये त्याचा रॅप ग्रुप एन.डब्ल्यू.ए. सोडला आणि १९९० मध्ये स्वतःचा अल्बम आणला, हे मला तोंडपाठ होतं. पण एकट्यानं तीन मिनिटं म्हणायला उभा राहिलो आणि दुसऱ्याच कडव्यात श्वास तुटला.

तुम्ही कळव्याच्या मंडपाच्या गोदामाची किल्ली हातात ठेवलीत. लग्नातल्या गाद्या तीन बाजूंनी उभ्या रचायच्या, वरून सतरंजी टाकायची, की आवाज घुमत नाही. शेवटची लोकल गेली की रेकॉर्डिंग. स्टुडिओचं भाडं मला कुठून परवडणार होतं?

माझी वही चाळून तुम्ही म्हणालात, "शाहिरामागं झीलकरी असतात. ते 'जी रं जी जी' करतात तेवढ्यात तो श्वास घेतो. तुझ्यामागं आता कोण आहे? श्वासपण लिहून ठेव." मग लाल पेनानं ओळीओळीत श्वासाच्या जागी उभ्या दांड्या मारल्या. दांडीला जागा हवी म्हणून शब्द काढावे लागले, त्यातले काही फार लाडके होते. ग्रुपमध्ये मी शब्द नुसते कोंबायचो. गाळायला त्या गोदामात शिकलो, आणि मला वाटतं, माझा स्वतःचा आवाजही मला तिथंच सापडला.

ठाण्यातल्या पहिल्या सोलो शोला घशाला कोरड पडली, दांडी चुकली. साऊंडवर तुम्ही होतात. तुम्ही सरळ बीट खाली ओढलीत. दोन बार नुसती शांतता. पोरांना वाटलं गाणं असंच आहे, त्यांनी टाळ्यांवर ठेका धरला. मी पोटभर श्वास घेतला, तुमच्याकडे बघितलं, तुम्ही मान हलवलीत आणि बीट परत आली. त्या रात्री माझी झील तुम्ही धरलीत, दादा. तेव्हापासून त्या गाण्यात ते दोन बार मी रिकामेच ठेवतो.

शनिवारी लग्नाची ऑर्डर नसेल तर गाद्या तशाच राहू द्या. नवीन गाणं घेऊन येतोय, दांड्या मारून.

तुमचाच,
खारेगावचा पोरगा