उपक्रमाची चौकट वगळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून कोणता धडा गेला, कोणता आला, कोणत्या घराण्याला किती पानं मिळाली, यावर गेली काही वर्षं आपल्या दैनिकात बातम्या आणि वाचकांची पत्रं येत आहेत. मी ती आवर्जून वाचते. माझी मुलगी आठवीत आहे, मुलगा सहावीत, दोघंही राज्य मंडळाच्या मराठी शाळेत. रोज रात्री त्यांच्या अभ्यासाला शेजारी बसते, त्यामुळे माझी काळजी जरा वेगळी आहे. जे धडे पुस्तकात आहेत, त्यांचं आणि त्यांच्याखालच्या 'उपक्रम' या चौकटीचं आपण काय करतो?

आठवीच्या इतिहासाची सुरुवातच 'इतिहासाची साधने' या पाठाने होते. सहावीला आणि सातवीलाही हा पाठ अगदी सुरुवातीलाच आहे, आणि ते फार योग्य आहे. आपण जे शिकणार ते कशावरून ठरलं, हे मुलांना आधी कळायला हवं. पण घटक चाचणीच्या आदल्या रात्री माझी मुलगी येरझाऱ्या घालत 'भौतिक, लिखित, मौखिक, दृक्-श्राव्य' असं घोकत होती. मौखिक साधनांत काय काय येतं? पोवाडे, ओव्या, लोकगीतं. सासूबाई तिथेच सुपात बाजरी निवडत बसल्या होत्या. टँकर आला नव्हता, त्यावरून त्यांनी बहात्तरच्या दुष्काळाची आठवण काढली. मुलगी म्हणाली, "आजी, थांब ना गं, माझं पाठांतर चाललंय."

मला ते फार लागलं. तिचा दोष नव्हता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की मौखिक साधन म्हणजे हीच, समोर बसलेली आजी.

चाचणी संपल्यावरच्या रविवारी मी तिला कोरी वही दिली आणि आजीला काय काय विचारायचं ते तिलाच ठरवायला सांगितलं. त्या दुष्काळात सासूबाईंचं लग्न होऊन वर्षच झालं होतं. घरातली सगळी मोठी माणसं पाझर तलावाच्या कामावर. पुरुष खणायचे, बायका डोक्यावरून मातीची घमेली वाहायच्या, म्हाताऱ्या खडी फोडायच्या. दुपारी सुकडी, म्हणजे वाटपाचं पौष्टिक खाणं, मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, त्याची भाकरी थापताना चिरायची आणि पोरं ती ताटात तशीच टाकायची. मुलीने विचारलं, "पगार घेताना सही कशी करायचीस?" सासूबाईंनी अंगठा पुढे केला. "सही कुठली? ह्यो उमटवायचा. शाई दोन-दोन दिस निघत नव्हती." ते वाक्य मुलीने जसंच्या तसं उतरवून घेतलं.

खरा इतिहासाचा तास पुढे झाला. शेजारचे आजोबा म्हणाले, तो तलाव बहात्तरचा नव्हे, त्र्याहत्तरचा. सासूबाई ऐकेनात. मुलगी मला विचारू लागली, खरं कुणाचं धरायचं? मग आम्ही तलावावर गेलो. सांडव्याच्या भिंतीत एक दगड आहे. त्यावरचे '19' एवढे आकडे वाचता येतात, पुढचे आकडे कधीतरी डागडुजी करताना सिमेंटखाली गेले. म्हणजे मौखिक साधन दोन तऱ्हेचं बोलतंय, भौतिक साधन अर्धवट आहे, आता उरलं लिखित. या तलावाचे कागद कुणाच्या दप्तरात असतील? ग्रामपंचायतीच्या, की जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाच्या? हा प्रश्न सहावीतल्या धाकट्याने ऐकला आणि आपलं नागरिकशास्त्राचं पुस्तक घेऊन आला. त्यात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद सगळं आहे. तोवर त्याच्या दृष्टीने ती जोड्या लावण्यापुरती नावं होती. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांतल्या एका कार्यालयात त्याचं काम निघालं.

आणि रोजगार हमी? 1972 साली महाराष्ट्रात सुरू झालेली ती कामं, 1977 साली विधिमंडळाने त्यांचा केलेला कायदा, आणि त्याच वाटेने पुढे 2005 साली सगळ्या देशासाठी झालेला कायदा, हे सगळं सासूबाईंच्या त्या अंगठ्यापासून सांगता येतं. त्यांना स्वतःला हे ठाऊक नव्हतं. नातीने वाचून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या.

आमच्या पारनेर तालुक्यात अशी साधनं पावलोपावली आहेत. सेनापती बापट 1880 साली पारनेरलाच जन्मले. धरणात जमिनी जाणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्यांसाठी 1921 साली उभ्या राहिलेल्या मुळशी सत्याग्रहाचं त्यांनी नेतृत्व केलं. मुलीच्या वहीत त्यांच्यावर दीड ओळ आहे. निघोजला कुकडी नदीच्या पात्रात पाण्याने खडकात कोरलेले रांजणखळगे बघायला लांबलांबून माणसं येतात, आमची पोरं मात्र नदीच्या क्षरणकार्याची आकृती गाईडमधून काढतात.

पाठ्यपुस्तकांना मी दोष देणार नाही. बालभारतीच्या पुस्तकात पाठ संपला की 'उपक्रम' म्हणून चौकट असते. परिसरातल्या जुन्या वास्तूची माहिती घ्या, वडीलधाऱ्यांशी बोला, ग्रामपंचायतीला भेट द्या, अशी कामं तिथे सांगितलेली असतात. नेमकी तीच चौकट सगळीकडे गाळली जाते. त्यासाठी गुण नाहीत असंही नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सहावीला 50 आणि आठवीला 40 गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे वर्षभर वर्गात होणाऱ्या कामांचे असतात, त्यात उपक्रम आणि प्रकल्प येतात. पण प्रकल्प म्हणजे काय, तर स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळणारी चित्रं, रंगीत कागद, आणि मोबाइलवरून उतरवलेला मजकूर. गेल्या वर्षी मीसुद्धा आदल्या रात्री असाच एक चिकटवून दिला होता. त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि त्या प्रकल्पातलं मुलीला आज काहीही आठवत नाही.

शिक्षकांची अडचण मला कळते. एकाच शिक्षकाकडे दोन-तीन विषय, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता, इतिहास-नागरिकशास्त्र नाहीच. त्यामुळे परीक्षा जवळ आली की इतिहासाची तासिका गणिताला जाते, आणि आम्ही पालकच 'बरं झालं' म्हणतो. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचे 40 आणि भूगोलाचे 40 गुण असतात. ते शेवटच्या महिन्यात पाठ करून मिळतात, असा घरोघरी समज आहे. मिळतही असतील. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला रोज मोबाइलवर इतिहासाच्या नावाखाली जे काही येऊन पडतं, त्याला 'हे कशावरून?' असं विचारायची सवय तेव्हा लागली नाही, तर ती पुढे कोण लावणार?

राज्यात टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम येतो आहे. सहावी ते आठवीची पुस्तकं बदलतील, तेव्हा कोणता धडा ठेवायचा यावर वाद होईल. तो जरूर व्हावा. त्यासोबत माझी मागणी एवढीच आहे, की वर्षातून एक काम प्रत्येक मुलाने स्वतः केलेलं असावं. एका माणसाची मुलाखत, एक जुनी वस्तू किंवा वास्तू, आणि एक कागद, तिघांचा मेळ बसतो की नाही हे त्याने आपल्या शब्दांत लिहावं. चिकटवलेल्या चित्रांना गुण देऊ नयेत. आणि ग्रामसभा शिकवायची तर सहावीच्या वर्गाला एकदा तिथे नेऊन मागे बसवावं. सभा पुष्कळदा 15 ऑगस्टला भरते आणि मुलं झेंडावंदनाला त्या दिवशी शाळेत आलेलीच असतात. गावाच्या सभेआधी महिलांची वेगळी सभा होते, तिथे मुलींना नेलं तर फारच चांगलं.

आमच्या तलावाचं साल अजून ठरलेलं नाही. कागद पाहायला मिळावेत म्हणून मुलीने स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला आहे, कागद नेमके कुणाकडे आहेत ते विचारायला सोमवारी आम्ही तो घेऊन आधी पंचायत समितीत जाणार आहोत. पारनेर, शिरूर, श्रीगोंदा भागातल्या वाचकांकडे त्या वेळच्या कामांवरचे फोटो, हजेरीच्या चिठ्ठ्या, रेशनची कार्डं असतील तर ती रद्दीत घालू नयेत, जवळच्या शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांना दाखवावीत. आणि घरात त्या वेळची माणसं असतील, तर या सुट्टीत नातवंडांना वही घेऊन त्यांच्याजवळ बसवावं. सासूबाईंबरोबर त्या कामावर घमेली वाहणाऱ्या गावातल्या बायकांपैकी आता चौघीच उरल्या आहेत.

आपली,
एक पालक, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर