तळीत उतरण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

एवढा मोठा असोला नारळ तळीत तरंगतो आणि एवढासा खडा तळाला जातो, असं का, म्हणून विचारलंस ना? फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय.

आजीची तांब्याची रिकामी कळशी घे. तोंड वर ठेवून ती पाण्यात सरळ खाली दाब. जसजशी आत जाईल, तसतसा हाताला जोर जास्त लागेल. पाणी जितकं खोल तितका त्याचा दाब जास्त, म्हणून बुडाखालचं पाणी कळशीला वर रेटतं. किती? तिने जेवढं पाणी बाजूला सारलं, बरोबर तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं. आर्किमिडीजने हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं. तांबं पाण्याच्या जवळजवळ ९ पट जड, तरी कळशी तरंगते. तिच्या पोटातली हवाही जागा अडवते ना! कलंडून पाणी आत शिरलं, की गेलीच. म्हणून आधी गळ्याला दोरी बांध.

नारळाच्या सोडणात, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालात, अशीच हवा असते. समज, नारळ १२०० ग्रॅमचा आहे आणि जागा व्यापतो २ लिटरची. १.२ लिटर पाणी सारलं, की त्याचं वजन आणि पाण्याचा रेटा सारखा होतो. उरलेला नारळ वर राहतो. खडा मात्र पूर्ण बुडाला तरी स्वतःच्या वजनाइतकं पाणी सारू शकत नाही. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या, जाळ्याला वरच्या दोरीवर तरंगणारे बोये आणि खालच्या दोरीला शिसं लावतात, ते ह्याच हिशेबाने. त्यामुळेच जाळं पाण्यात उभं राहतं.

आता माझ्या काळजीचं. तू पोहायला शिकलीस ती चिवल्याच्या समुद्रात. खाऱ्या पाण्याचा लिटर गोड्या पाण्याच्या लिटरपेक्षा साधारण २५ ग्रॅम जड असतो. तुझं वजन ३० किलो, म्हणजे तू व्यापतेस साधारण ३० लिटरची जागा. तळीत तुला समुद्रापेक्षा पाऊण किलोचा आधार कमी मिळणार. जहाजांच्या अंगावर किती भरायचं त्याच्या खुणा असतात, त्यांतही गोड्या पाण्याची रेघ समुद्राच्या रेघेच्या वर असते, कारण गोड्या पाण्यात तेच जहाज जास्त खाली बसतं. तेव्हा तळीत जड वाटलं तर घाबरू नकोस, पोहणं विसरलेली नाहीस तू.

आणि दमलीस तर हात वर काढू नकोस. पाण्याबाहेरच्या हाताचं वजन पाणी पेलत नाही, उरलेलं अंग तेवढं खाली जातं. उताणी हो, कान पाण्यात जाऊ देत, छाती भरून श्वास घे. भरल्या छातीने माणूस जेमतेम का होईना, तरंगतो. श्वास सोडला की खाली जातो. म्हणून सोडलास की लगेच पुन्हा घे.

मामा काठावर असल्याशिवाय पहिली पायरीसुद्धा उतरायची नाही. आजी-आजोबांना नमस्कार सांग.

तुझी,
आई