कडी बाहेरून

इंदूर, ४ ऑक्टोबर

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

कॅनडातल्या आदिवासी मुलांच्या, चर्चने चालवलेल्या निवासी शाळांचं बोलता बोलता परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, तुमचं कॉलेज काढलं तीच का ही माणसं?" आणि मी "नंतर बोलू" म्हणून फोन आईच्या हातात दिला. टाळलंच ते. उत्तर ठाऊक होतं म्हणून टाळलं.

तीच. छावनीतलं आमचं ख्रिश्चन कॉलेज १८८७ सालचं, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं. आम्हा पोरांना मिशनपेक्षा किशोर कुमारची कॅन्टीनमधली उधारी जास्त पाठ. त्याच चर्चच्या बायकांच्या सोसायटीने १८८४ पासून इंदुरात डॉक्टरणी पाठवल्या. पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा बघू न देणाऱ्या घरांसाठी १८९१ साली बायकांचं वेगळं हॉस्पिटल झालं. तुझ्या आजोबांच्या वेळी पणजी दोन दिवस अडली, सुईणीने हात टेकले, तेव्हा तिला टांग्यात घालून तिथेच नेली होती. म्हणजे तू आणि मी या हिशेबात आहोतच.

पणजी ते दहा दिवस वर्षानुवर्षं सांगायची. सकाळी वॉर्डात बायबल वाचायचे. ही पडल्या पडल्या माळ ओढायची. कुंकू, नथ, लुगडं, कशाला कुणी हात लावला नाही. निघताना येशूच्या बाळपणाचं एक रंगीत कार्ड मिळालं, ते तिने देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे ठेवलं. "एवढं गोड लेकरू टाकायचं कुठं?" म्हणायची. तिला बाटवायची त्यांची इच्छा नव्हती असं मुळीच नाही. त्यासाठीच तर ती माणसं सात समुद्र ओलांडून आली होती. पण इथे होळकर दरबार होता, ज्याने सुरुवातीला त्यांच्या शहरातल्या प्रचारालाच हरकत घेतली होती. आणि पणजीच्या उशाशी सासूबाई बसलेल्या. बाळाला घेऊन घरी जायची वाट मोकळी होती.

तिकडे कॅनडात, त्या शाळांतल्या मुलांना ती मोकळी नव्हती. १९२० साली कायदाच झाला की आदिवासी मुलं हवी तर जबरदस्तीने शाळेत न्यायची, आईबापांनी अडवलं तर त्यांना शिक्षा. पैसा सरकारचा, माणसं चर्चची, कडी बाहेरून. केस कापायचे, नाव बदलायचं, आईची भाषा तोंडातून निघाली की मार. त्या मुलांच्या आठवणीत तू जिच्यामुळे नारिंगी शर्ट घातलास ती फिलिस वेबस्टॅड कॅथलिक शाळेतली. १९७३ साल, वय सहा. आजीने घेऊन दिलेला नवा शर्ट पहिल्याच दिवशी अंगावरून काढून घेतला, परत दिला नाही. १९७३ साली मी चड्डीत शाळेत जात होतो गं. हे काही इतिहासाच्या पुस्तकातलं नव्हे.

आणि "आमच्या" चर्चची शाळा म्हणजे कॅनडातल्या केनोरा गावातली सेसिलिया जेफ्री. ती त्याच बायकांच्या मिशनरी सोसायटीच्या हातात होती. चॅनी वेन्जॅक नावाचा आदिवासी मुलगा तिथून १६ ऑक्टोबर १९६६ ला पळाला. वय बारा. शाळेत त्याला चार्ली करून टाकलेलं. घर ६०० किलोमीटरवर, वडील तिकडे रुळांच्या कडेने आहेत एवढंच ठाऊक. अंगात पातळ विंडचीटर, खिशात काचेच्या छोट्या बरणीत काड्यापेटीतल्या काही काड्या. आठवड्याभरात रुळांशेजारी त्याचं प्रेत सापडलं. थंडीने आणि भुकेने. मी त्या बरणीपाशी अडकलोय, पुढचं वाचवत नाही. काड्या ओल्या होऊ नयेत म्हणून वाटेतल्या एका बाईने त्या बरणीत घालून दिल्या होत्या पोराला.

(१९२५ साली त्या चर्चची वाटणी झाली, वाड्याची होते तशी. इंदूरचा बराच कारभार युनायटेड चर्चकडे गेला. पण अशा शाळा दोन्ही वाटेकऱ्यांच्या पदरात होत्या, तेव्हा कुणाला पळवाट नाही.)

कुणाला माहीत नव्हतं, असंही नाही. सरकारचाच डॉक्टर पीटर ब्राइस. १९०७ साली त्याने लिहून दिलं की ज्या शाळांकडून माहिती आली तिथली जवळपास २४ टक्के मुलं मेलीत, बहुतेक क्षयाने. शिफारशी बासनात. मग १९२२ साली त्याने स्वतः पुस्तिका छापली. माफ्या फार उशिरा आल्या: युनायटेडची १९८६ आणि १९९८, प्रेस्बिटेरियनांची १९९४. पोप स्वतः तिकडे गेले २०२२ ला.

आता काकाचं. तुझा फोटो बघून त्याने घरच्या ग्रुपवर लगेच टाकलं, लाखो मुलं पुरली वगैरे. मी त्याला लिहिलं, दीड लाख मुलं त्या शाळांतून गेली. चार हजारांवर मृत्यू आतापर्यंत नोंदीत आहेत. कॅमलूप्सच्या तसल्याच एका शाळेपाशी २०२१ मध्ये रडारने जमिनीखाली दिसल्या त्या संभाव्य कबरी आहेत. आकडा फुगवलास तर उद्या कुणीतरी तो खोटा पाडेल आणि चॅनीही त्यातच खोटा ठरेल. "तू त्यांचं मीठ खाल्लंयस" म्हणाला. खाल्लंयच.

रविवारी तो ओट्यावर तेच मोठ्याने वाचत होता आणि आपली सिस्टर, आईच्या इंजेक्शनवाली, फाटकातून आत आली. ही रेसिडेन्सीकडच्या चर्चला जाते, तुला माहीतच आहे. काका गप्प. तिने सगळं ऐकलं होतं. आईच्या दंडाला स्पिरिट लावता लावता म्हणाली, "दादा, त्या मुलांसाठी आम्हीपण प्रार्थना केली होती." मग सुई टोचली आणि पोहे न खाताच गेली. नेहमी खाते. काका तेव्हापासून माझ्याशीच घुश्शात आहे, का ते विचारू नकोस.

पणजीचं कार्ड शोधलं. कडा कुरतडलेल्या, मागे हळदीचं बोट. देव्हाऱ्यातून काढावं असं क्षणभर वाटलं, पण पणजीने ठेवलेलं आहे, मी कोण काढणारा. परत ठेवलं.

शर्ट पहिल्या धुण्यात वेगळा भिजव, रंग जाईल. हा आईचा निरोप, माझा नाही.

तुझा,
बाबा